हरवलेली व्यंजने

व्याकरणाच्या पहिल्या तासाला मी गेली वीस वर्षे मुलांना एकच गोष्ट सांगत आलो आहे. स्वर हे स्वतंत्र. कोणाच्या आधारावाचून त्यांचा उच्चार होतो. व्यंजन बिचारे पराधीन. त्याला उभे राहायला स्वराचा टेकू लागतो. मुले हे वहीत उतरवून घेतात आणि परीक्षा संपताच विसरून जातात. त्यात त्यांचा दोष नाही. पण या पराधीन व्यंजनांवाचून माणसाचे किती अडते, हे कोणत्याही व्याकरणात लिहिलेले मी वाचले नव्हते. ते मला आमच्या दिवाणखान्यातल्या एका लोट्याएवढ्या यंत्राने शिकवले, आणि माझ्या वडिलांच्या एका वाक्याने.

"आवाज तं येते बा," नाना म्हणाले, "पन बोल समजत नाही."

नाना अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये चाळीस वर्षे हिशेबनीस होते. कापसाच्या गाड्या, सरकीची पोती आणि रुईच्या गाठी यांच्या जमाखर्चात त्यांचे आयुष्य गेले. आता त्यांना ब्याऐंशी वर्षे पूर्ण झाली. आई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना अमरावतीला आमच्याकडे आणले. अकोला काही दूर नाही. मधे मूर्तिजापूर लागते, बडनेरा लागते, आणि शंभर किलोमीटरच्या आतच प्रवास संपतो. परंतु या वयात माणसाला घर सोडायला शंभर किलोमीटरसुद्धा पुष्कळ होतात. आमच्याकडे आल्यापासून नाना हळूहळू गप्प होत चालले होते. आधी त्यांनी गाणी ऐकणे सोडले. मग जेवताना चाललेल्या गप्पांत भाग घेणे सोडले. कोणी हसले की तेही हसत. पण ते हसणे दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून आलेले असे, आणि ते पाहिले की माझा घास घशात अडकत असे.

गेल्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी, जे पुण्याला अभियांत्रिकी शिकतात, आजोबांसाठी म्हणून हे यंत्र आणले. तार नाही, तबकडी नाही, फीत नाही. मोबाइलवर गाण्याच्या नावाला बोट लावायचे आणि डब्याने गायला लागायचे! ज्यांनी रेडिओच्या परवान्यासाठी टपाल कचेरीत खेपा घातल्या आणि घराच्या दोन भिंतींच्या मधे तांब्याच्या जाळीची एरियल ताणली, त्या पिढीला ही जादूच वाटावी. नानांनाही ती वाटली. चार दिवस त्यांनी कौतुकाने ऐकले आणि पाचव्या दिवशी वर दिलेले वाक्य उच्चारून ते गॅलरीत जाऊन बसले.

चिरंजीवांनी हे फार मनावर घेतले. त्यांच्या मते दोष आवाजाच्या वाहतुकीत होता. त्यात तथ्यही होते, म्हणून ते थोडक्यात सांगतो. मोबाइलकडून डब्याकडे गाणे दोन वाटांनी जाऊ शकते. एक वाट ब्लूटूथची. (हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड नावाच्या राजाच्या टोपणनावावरून पडले आहे. 'निळ्या दाताचा राजा' आमच्या घरात भजने म्हणतो, हे ऐकून सौभाग्यवतींना झालेला आनंद वर्णनापलीकडचा होता.) ही वाट अरुंद आहे. सीडीच्या तबकडीवर एका सेकंदाच्या संगीतासाठी चौदा लाखांहून अधिक बिट खर्ची पडतात; ब्लूटूथच्या नेहमीच्या पद्धतीत सव्वातीन लाखांच्या आसपासच जातात. बाकीचे वाटेतच गाळले जातात. गाळणारा हुशार असतो, कानाला सहसा न कळणारेच गाळतो. पण गाळतो हे खरे. शिवाय ब्लूटूथ ज्या लहरींवर चालते, त्याच्या शेजारीच स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह शेगडी काम करते. सौभाग्यवतींनी भाजी गरम करायला घेतली की आमच्या गायकाला उचकी लागे.

दुसरी वाट वायफायची. तीत मोबाइल फक्त हुकूम सोडतो. गाणे डबा स्वतःच इंटरनेटवरून घरातल्या राउटरमार्फत आणतो. ही वाट रुंद. मात्र तिला भिंतींचे वावडे. वायफायच्या दोन लहरींपैकी जी जास्त वेगवान, ती भिंतीला जास्त लवकर हार जाते. आमचा राउटर निजायच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या मागे दडवलेला होता, कारण तो दिसायला वाईट दिसतो असे घरातल्या बहुमताचे मत होते. लोखंडाच्या आड बसून कोणाचा आवाज बाहेर पडणार? चिरंजीवांनी त्याला ओढून बाहेर काढले आणि दिवाणखान्याच्या दारावर उंच बसवले. मग अ‍ॅपच्या पोटात शिरून आवाजाचा दर्जा 'आपोआप' होता तो 'उच्च' केला. 'आपोआप' म्हणजे लहरी क्षीण झाल्या की न विचारता आवाज पातळ करणे. दूधवाल्याच्या भाषेत सांगायचे तर गिऱ्हाइकाची पाठ वळली की पाणी.

या साऱ्याचा गुण आला. उचक्या थांबल्या. सतारीची तार पूर्वी नुसती वाजे, ती आता छेडल्यासारखी ऐकू येऊ लागली. आम्ही सारे खूश झालो आणि नानांकडे पाहिले. नाना म्हणाले, "आता चांगला मोठ्ठा येते आवाज." नाना स्वभावाने भिडस्त. 'बोल' समजले की नाही, हे त्यांनी सांगितले नाही. आणि पुन्हा गॅलरीत जाऊन बसले.

कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही त्यांना नेले होतेच. तपासणीनंतर एक आलेख मिळाला होता. डावीकडे सपाट चाललेली रेघ मध्यावर आली की चिखलदऱ्याच्या घाटासारखी एकदम खाली उतरत होती. डावीकडे खर्जाचे, उजवीकडे तारेचे स्वर. उतारवयात बहुतेकांचा कान उजवीकडून ढासळतो, असे डॉक्टरांनी सांगितले. तो आलेख पाहता पाहता माझ्या धंद्यातली गोष्ट मला दिसू लागली. अ, आ, ओ या स्वरांची बहुतेक शक्ती सेकंदाला हजार कंपनांच्या आत असते. त्या सपाट प्रदेशात नानांचा कान अजून शाबूत होता. पण 'स', 'श' यांचा सळसळाट त्याच्या बराच वरच्या पट्टीत चालतो. 'त', 'क', 'च' यांचे टोकदार स्फोटही वरच्याच अंगाचे. ती सारी मंडळी घाटाखाली पडली होती. म्हणजे 'सकाळ' आणि 'आकाळ', 'चाल' आणि 'ताल', 'पीठ' आणि 'पीक' यांतले अंतर नानांच्या जगातून पुसले गेले होते. स्वर जागच्या जागी होते. व्यंजने हरवली होती. आवाज येतो पण बोल समजत नाही, हे त्यांचे वाक्य त्या आलेखाचे बिनचूक मराठी भाषांतर होते.

कानातले यंत्र आणले. भाजीवाल्याशी, शेजाऱ्याशी, समोरासमोर बोलताना नाना ते लावतात आणि त्याचा उपयोगही होतो. परंतु दिवाणखान्यात गाणे लागले की ते काढून खिशात ठेवत. खोलीचा सारा गलका तेही मोठा करून देई. चिरंजीवांनी सुचवले की हल्लीची काही यंत्रे मोबाइलला बिनतारी जोडता येतात. गाणे थेट आजोबांच्या कानात सोडता येईल. सूचना उत्तम होती. त्यावर नाना म्हणाले, "एकट्यानंच ऐकायचं असन तं मले घरात कायले आनलं?"

या प्रश्नाला अभियांत्रिकीत उत्तर नव्हते. मराठी वाङ्मयात आहे की नाही, याचा मी अजून शोध घेत आहे.

मग मी विचार करू लागलो, की अकोल्याच्या घरात हे गृहस्थ ऐकत कसे होते? तिथे होता तो जुना लाकडी पेटीचा, बल्बांचा रेडिओ. बटण फिरवल्यावर मिनिटभराने तापायचा आणि मग त्याचा हिरवा डोळा मिटता मिटता स्थिर व्हायचा. तो आमच्या आजोबांनी घेतलेला. ट्रान्झिस्टर आले तरी नानांनी तो काढू दिला नाही. १९४८ साली नागपूर केंद्र सुरू झाले होते, आणि रात्री लहरी लांबून येत म्हणून सिलोनही लागे. मध्यम लहरीवरून पाच हजारांच्या वरची कंपने फारशी येतच नसत. म्हणजे आजच्या हिशेबाने तो आवाज अगदीच दरिद्री. जमिनीत पुरलेल्या अर्थच्या तारेवर उन्हाळ्यात तांब्याभर पाणी ओतले की खरखर कमी होई, आणि ते ओतण्याचे काम धाकटा म्हणून माझ्याकडे असे. तरीसुद्धा ओसरीवर बसलेल्या माणसाला बातम्यांतला शब्दन्‌शब्द कळे. त्या वेळी नानांचे कान तरुण होते, हे खरे. पण मागच्याच्या मागच्या वर्षी, ते घर सोडण्यापूर्वी, त्याच खोलीत त्याच वयस्क कानांनी ते साध्या मोबाइलवर कीर्तने ऐकत असत, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हा नुसते कान हे उत्तर पुरेसे नव्हते.

फरक घरात होता. अकोल्याचे घर जुन्या पद्धतीचे. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर माळवद, खाली सारवलेली जमीन, तिच्यावर सतरंजी, सतरंजीवर गाद्या, लोड, तक्के. कोनाड्यात गोधड्यांची चळत. आणि अमरावतीचा आमचा फ्लॅट? खाली आरशासारख्या फरश्या, वर प्लास्टरचे गुळगुळीत छत, एका बाजूला काचेचे सरकते दार, मधे काचेची टीपॉय, आणि बसायला लाकडी खुर्च्या. घर पाहायला येणारे 'किती मोकळे, किती स्वच्छ!' म्हणत. एकदा मी खोलीच्या मध्यभागी उभे राहून टाळी वाजवली. टाळी संपली आणि तिच्यामागून 'टर्रर्र' असा एक लांबलचक शेपटीसारखा आवाज भिंतीभिंतींतून धावत गेला. वाचकांनी आपापल्या दिवाणखान्यात हा प्रयोग जरूर करावा. घरचे लोक चमकून पाहतील, तेवढे सोसावे.

याच शेपटीचा पाठलाग करणारा एक गृहस्थ अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव वॉलेस सबाइन. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने एक नवे व्याख्यानगृह बांधले आणि त्यात एकही व्याख्यान कोणाला समजेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद खोलीत फिरत राही. विद्यार्थ्यांना व्याख्यान न समजण्यासाठी एवढ्या खर्चाची आवश्यकता नसते, हे मी अनुभवाने सांगू शकतो; पण विद्यापीठाने हे प्रकरण भौतिकशास्त्राच्या या तरुण प्राध्यापकाकडे सोपवले. त्याच्याजवळ साधने काय? एक ऑर्गनची नळी, एक घड्याळ, स्वतःचे कान, आणि... गाद्या! शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या तो रात्री माणसांकरवी वाहून आणी, थोड्या थोड्या अंथरी, नळी वाजवून घुमण्याचा काळ मोजी, आणि सकाळ व्हायच्या आत त्या परत पोचवी. गाद्या वाढत गेल्या तसा घुमण्याचा काळ उतरत गेला. साडेपाच सेकंदांवरून तो एका सेकंदाच्या आसपास आला. अंगावरच्या कपड्यांनीसुद्धा मोजणीत फरक पडतो असे ध्यानात आल्यावर हा पठ्ठ्या रोज तेच कपडे घालून प्रयोगाला बसू लागला. या उद्योगातून जे सूत्र निघाले ते आजही जगभर वापरतात: खोलीचे घनफळ जितके मोठे तितका घुम लांब, खोलीतले आवाज शोषणारे सामान जितके जास्त तितका तो आखूड. शोषण मोजायचे माप त्याने कोणते घ्यावे? उघडी खिडकी! उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

हे वाचले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बोलणारा माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरे बोलतो. खोलीत आवाज सव्वा सेकंद रेंगाळत असेल, तर नवे अक्षर येते तेव्हा मागली पाच अक्षरे अजून खोलीतच असतात. त्यांतले बलदंड कोण? स्वर. आणि नवे येणारे दुबळे कोण? व्यंजन. मागच्या 'आ'च्या लोंढ्याखाली पुढचा 'त' जन्मताच बुडतो. तरुण कान त्याला केसाला धरून बाहेर काढतात. म्हाताऱ्या कानांना ते जमत नाही. आवाज मोठा करून उपयोग नसतो, कारण त्याबरोबर लोंढाही मोठा होतो. व्याकरणात स्वर व्यंजनाला टेकू देतो. आमच्या दिवाणखान्यात तो त्याच्या उरावर बसत होता.

मी नानांना हे सांगितले. म्हणजे कागदावर लिहून दाखवले. सूत्र पाहताच त्यांच्यातला हिशेबनीस जागा झाला. त्यांनी टेप मागवली, खोली मोजली: साडेपाच मीटर, चार मीटर, उंची तीन. घनफळ सहासष्ट. त्याला शून्य दशांश सोळाने गुणले की साडेदहा. खोलीतल्या सामानाचे शोषण मी पुस्तकातल्या आकड्यांवरून अंदाजे आठ चौरस मीटर उघड्या खिडकीएवढे धरले. नानांनी भागाकार केला: सव्वा सेकंदाच्या थोडे वर. "याच्यात दहा मीटर रुई टाका," ते म्हणाले, आणि पुन्हा भागाकार केला. उत्तर आले साधारण सहा दशांश. कागदाखाली त्यांनी सवयीने दोन रेघा ओढल्या. दोन वर्षांत त्यांनी इतका वेळ सलग कोणाशी बोललेले मला आठवत नव्हते.

रुई! वऱ्हाडात राहून आम्ही आवाजासाठी बाजारात डबे शोधत होतो. जिच्या गाठींनी अकोल्या-अमरावतीचे बाजार उभे राहिले, ती रुई हेच आवाज गिळण्याचे उत्तम साधन. तिच्या तंतूंच्या जाळीत हवा घुसते, घासते, आणि आवाजाची शक्ती उष्णता होऊन विरून जाते. ती उष्णता इतकी किरकोळ, की हाताला कळू नये. मात्र जाडी हवी. पातळ पडदा फक्त वरच्या पट्टीचे आवाज खातो, म्हणजे नेमकी व्यंजनेच खातो आणि घुम तसाच ठेवतो. चार बोटे जाडीची गादी बोलण्याच्या पट्टीतले बरेचसे पचवते. अगदी खालचा खर्ज तिलाही पचत नाही; शंभर कंपनांच्या खर्जाची लाट साडेतीन मीटर लांब असते, तिला चार बोटांची गादी म्हणजे हत्तीला दोरा.

दिवाळीची साफसफाई तोंडावर होती. सौभाग्यवतींचा विरोध होईल अशी माझी अटकळ होती; पण नाना गादीच्या दुकानात यायला निघालेत म्हटल्यावर त्यांनी स्वतःच त्यांचे धोतर इस्त्री करून ठेवले. दुकानदाराने पांढरीशुभ्र रुई दाखवली. नानांनी चिमूटभर घेतली, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढली, तंतू अंगठ्यावर पसरले, आणि न बोलता खाली ठेवले. मग म्हणाले, "हे काय रुई होय? चिंध्या पिंजल्या अन् भरल्या!" दुकानदार वरमला. आतून दुसरे पोते आले. ते लांब धाग्याचे होते. "हे सुताले चांगलं. गादीत दबून जाते वरीसभरात. गादीले आखूड, जाड धाग्याची पाहिजे. गावरान." तिसऱ्या पोत्यावर त्यांचा हात थांबला. दुकानदाराने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मला बाजूला घेऊन विचारले, "सर, बाबा कोन्त्या जिनात होते?" ब्याऐंशी वर्षांच्या त्या बोटांना ऐकू उत्तम येत होते.

चार गाद्या झाल्या. दोन खाली अंथरून बैठक केली, दोन भिंतीला टेकवून पाठीशी उभ्या केल्या. समोरच्या भिंतीवर अकोल्याहून आणलेली घोंगडी टांगली. ती भिंतीला चिकटवण्याऐवजी वितीभर पुढे सोडली, कारण मागे हवा असली की तेच कापड जास्त आवाज गिळते. काचेच्या दारावर जाड चुणीदार पडदा आला. उरलेल्या भिंतीला माझी पुस्तके लावली. पुढे-मागे झालेल्या पुस्तकांच्या रांगेवर आपटून आवाज एका दिशेने परत न येता विखुरतो. "तुमच्या पुस्तकांचा घरात प्रथमच काही उपयोग झाला," असे जे उद्गार या वेळी काढले गेले, ते कोणाचे हे सुज्ञ वाचकांनी ओळखलेच असेल. टाळी वाजवली. शेपूट गेली होती.

राहिला तो डबा. तो कोपऱ्यात, काचेच्या टीपॉयवर होता. कोपऱ्यातल्या दोन भिंती खर्जाला फुगवतात, आणि विकत घेणाऱ्याला पहिल्या भेटीत हीच धमधम भुलवते. हल्लीचे बहुतेक डबे तिच्यासाठीच घडवलेले असतात असे माझे मत आहे. आम्ही त्याला तिथून उचलून नानांच्या बैठकीपासून दोन हातांवर, त्यांच्या कानाच्या उंचीला, एका लाकडी स्टुलावर ठेवले आणि खाली गोधडीची घडी घातली. अंतर निम्मे केले की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि खोलीतला घुम तेवढाच राहतो. एका पैशाचा खर्च न करता याहून मोठी सुधारणा मला तरी ठाऊक नाही. रेडिओच्या काळी सारे घर रेडिओपाशी जाऊन बसे, कारण तो एरियलला आणि भिंतीतल्या तारेला बांधलेला. तार गेली याचा खरा लाभ आहे तो हा, की यंत्र उचलून माणसापाशी नेता येते. शेवटी चिरंजीवांनी पुण्याहून दूरध्वनीवरून सांगितल्याप्रमाणे इक्वलायझरमध्ये खर्जाची पट्टी उतरवली आणि दोन ते चार हजारांची थोडी चढवली. तरुणांना हा आवाज पातळ वाटतो. तरुणांनी आपला वेगळा डबा घ्यावा.

काय लावायचे हे नानांनी आधीच ठरवले होते. गाडगेबाबांचे शेवटचे कीर्तन. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेल्या या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झाले आणि ते टिकले. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीपाशी बाबांनी देह ठेवला. आमच्या घरापासून ते ठिकाण फार दूर नाही. बाबांचे गोरक्षण मूर्तिजापूरला. आणि त्याच बाजूला कुठेशी आपल्या आजोबांच्या खांद्यावर बसून नानांनी वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी त्यांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकले होते, ही गोष्ट आमच्या घरात पिढीजात आहे. ध्वनिमुद्रण जुने, एकमार्गी, खरखरीचे. दर्जा 'उच्च' ठेवला काय आणि 'मध्यम' ठेवला काय, मुळात फितीवर जे नाही ते कोणतेही यंत्र आणून देत नाही. पण बाबांचे कीर्तन म्हणजे नुसते गाणे नव्हे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारतात, श्रोते एकमुखाने उत्तर देतात, त्या उत्तराला बाबा पुढचा प्रश्न जोडतात. आणि सारे आपल्या वऱ्हाडी बोलीत. तिथे एक शब्द निसटला की पुढचा सारा जबाब निसटतो. व्यंजनांची याहून कडक परीक्षा मला सुचली नसती.

कीर्तन सुरू झाले. नानांनी डोळे मिटले. मी पुस्तक उघडून बसलो होतो, पण वाचत नव्हतो. बाबांनी काही विचारले. जमावाने उत्तर दिले. पुन्हा विचारले. नानांचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण ते जपही करत असतील. इतक्यात स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. चकलीच्या भाजणीबरोबर चटणीचीही तयारी चालली होती. गेल्या दोन वर्षांत मिक्सर, टीव्ही, कुकरची शिट्टी, दाराची घंटा, यांतल्या कशाचाही नानांना कधी त्रास झाला नव्हता. त्रास व्हायला आधी काहीतरी ऐकू यावे लागते. या वेळी त्यांनी डोळे उघडले आणि खणखणीत आवाजात हाक दिली,

"सूनबाई, मिक्सर बंद कर ना व माय! बाबा बोलून राह्यले!"

मिक्सर बंद झाला. सौभाग्यवती पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि बैठकीच्या कडेला बसल्या. बाबांनी पुढचा प्रश्न टाकला, आणि वांद्र्याच्या त्या जमावाने तोंड उघडायच्या आधी अमरावतीतून नानांनी उत्तर दिले होते.

सगळेच बोल त्यांना कळतात असे नाही. नव्या गाण्यांत, जिथे गाणाऱ्यापेक्षा वाद्ये जोरात, तिथे ते अजून हात झटकून मोकळे होतात. आणि मला विचाराल तर तिथे माझेही फारसे काही अडत नाही. संध्याकाळी कानातले यंत्र आता खिशातून कानात येते. जेवणाची पानेही आम्ही काचेच्या टेबलावरून हलवून त्याच बैठकीसमोर मांडू लागलो आहोत.

प्रश्न उरला आहे तो उन्हाळ्याचा. मार्च सरला की अकोल्या-अमरावतीत कूलरवाचून माणूस जगत नाही, आणि कूलरच्या पंख्यापुढे व्यंजन टिकत नाही. त्याची पाण्याने भरलेली पत्र्याची पेटी राउटरच्या वाटेत आली तर वायफायही अडणार. नानांच्या मते कूलर गॅलरीत ठेवून हवा कापडी नळीने आत घ्यावी, आणि त्या नळीला आतून रुईचे अस्तर लावावे. त्याचा नकाशा त्यांनी हिशेबाच्या वहीत काढून ठेवला आहे; गावरान रुई किती लागेल तेही लिहिले आहे. सौभाग्यवतींनी सांगितले आहे की आधी फराळ होऊ द्या.